दीड मिलिमीटरचा प्रश्न

इंजिनियरिंगला आल्यावर आपण सगळ्यात आधी काय शिकतो? खरं उत्तर द्यायचं तर, जीटी मारायला! काचेखाली ट्यूबलाइट, काचेवर मित्राची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट आणि रात्री दोनला चहा. सकाळी शीट अगदी देखणी दिसते. पण सबमिशनला सरांनी एखाद्या मापावर बोट ठेवून "हे एवढंच का?" असं विचारलं की आपण पंख्याकडे बघायला लागतो. रेघ बरोबर असते, पण तिच्यामागचं कारण ठाऊक नसतं.

आज लिहायचं आहे ते वाफेच्या इंजिनांच्या मॉडेल्सबद्दल. दरवर्षी आपल्या प्रदर्शनात एखादी तरी झुकझुक गाडी असतेच. गर्दीही तिथेच असते. या मॉडेल्सबाबत दोन पक्ष ऐकू येतात. पहिला म्हणतो, "दिसतंय ना इंजिनासारखं? चालतंय ना? मग झालं तर!" दुसरा पक्ष रिव्हेट मोजणाऱ्यांचा. त्यांना धुराड्याची उंची अर्ध्या मिलिमीटरने चुकलेली दिसली की जेवण जात नाही. माझं मत असं की दोघांचंही थोडं चुकतंय. मॉडेल शंभर टक्के अचूक होऊच शकत नाही. म्हणून किती अचूक यापेक्षा कुठे अचूक, कुठे नाही आणि का नाही, हे बनवणाऱ्याला सांगता येतं का, यावर मॉडेलची किंमत ठरायला हवी.

आता जरा आकडेमोड करू. घाबरू नका, एम-थ्री नाही, नुसता भागाकार आहे.

जगात सगळ्यात जास्त चालणारं मॉडेलचं प्रमाण म्हणजे एचओ, अर्थात १:८७. त्याचे रूळ १६.५ मिमी गेजचे. १६.५ ला ८७ ने गुणलं की १४३५ मिमी येतात, म्हणजे युरोप-अमेरिकेतलं स्टँडर्ड गेज. इथपर्यंत सगळं छान जुळतं. गंमत सुरू होते ती इंग्लंडमध्ये, जिथे आगगाडीचा जन्म झाला. तिथली इंजिनं युरोपातल्यांपेक्षा अंगाने लहान. जुन्या काळातली विजेची मोटर १:८७ च्या ब्रिटिश इंजिनाच्या पोटात मावेना. मग त्यांनी रूळ तेच ठेवले आणि इंजिनाचं अंग फुगवून १:७६.२ केलं. हेच ओओ प्रमाण. हॉर्नबी डब्लोने १९३८ मध्ये ते बाजारात आणलं आणि ते तिथे कायमचं बसलं. आता १६.५ ला ७६.२ ने गुणा. १२५७ मिमी! म्हणजे ब्रिटिश मॉडेलवाल्यांची गाडी आजही सात इंच अरुंद रुळांवरून धावते. मोटर केव्हाच लहान झाली, पण घराघरांत रूळ अंथरले गेले होते, ते कोण उखडणार? काही हट्टी मंडळींनी मात्र १८.८३ मिमीचं बरोबर गेज धरलं. त्याला पी४ म्हणतात. त्यासाठी चाकं बदलायची आणि रूळही बहुधा हातानेच घडवायचे. एका मापाच्या दुरुस्तीसाठी माणसं आयुष्यातले सगळे रविवार देतात!

हे वाचून हसू येत असेल तर थांबा, कारण आपली स्थिती त्याहून बिकट आहे. आपलं ब्रॉड गेज १६७६ मिमीचं. १:८७ ने भागलं तर मॉडेलचे रूळ १९.३ मिमीचे हवेत. तसे रूळ दुकानात मिळत नाहीत, मिळतात ते १६.५ चे. म्हणून भारतीय इंजिनाचं एचओ मॉडेल जेव्हा तयार रुळांवर उभं राहतं तेव्हा ते खऱ्या मापात २४० मिमी अरुंद रुळांवर उभं असतं. इंग्रजांची चूक सात इंचांची, आपली साडेनऊ इंचांची. ब्रॉड गेजचं इंजिन ऐसपैस बसलेलं दिसायला हवं, ते मॉडेलमध्ये पाय जवळ घेऊन उभं राहिल्यासारखं दिसतं.

यावर उपाय नाही का? आहे, आणि तो रूळ न बदलता आहे. ब्रॉड गेज म्हणजे साडेपाच फूट. एका फुटाला तीन मिलिमीटर असं प्रमाण घेतलं तर साडेपाच गुणिले तीन बरोबर १६.५. बाजारातले स्वस्त रूळ जसेच्या तसे वापरा, फक्त अंग १:८७ ऐवजी १:१०१.६ चं करा. गेज तंतोतंत! तोटा एकच, तयार एचओ डबे मागे जोडता येणार नाहीत, सगळं घरी घडवावं लागेल. म्हणजे रूळ, अंग आणि सोय या तिघांपैकी दोनच हाताशी लागतात. तिसरं कुठलं सोडायचं हे आपण ठरवायचं. मला विचाराल तर इंजिनियरिंगची खरी सुरुवात या ठरवण्यापासून होते.

दुसरी अडचण वळणाची. आपल्या रेल्वेच्या नियमात ब्रॉड गेजचं सगळ्यात तीव्र वळण १० अंशांचं, म्हणजे १७५ मीटर त्रिज्येचं. १:८७ मध्ये ते २ मीटर होतं. म्हणजे पूर्ण गोल घालायला ४ मीटर व्यासाची जागा. हॉस्टेलच्या खोलीत दोन कॉट, दोन टेबलं आणि वाळत घातलेले कपडे सोडून ४ मीटर कुठून आणणार? म्हणून तयार रुळांचं वळण साधारण ४५ सेंटिमीटर त्रिज्येचं असतं. खऱ्या मापात जेमतेम ४० मीटर. एवढ्या वळणावर खरं मोठं इंजिन नेलं तर ते रूळ सोडून थेट शेतात जाईल. मॉडेल जावं म्हणून मग क्लृप्त्या कराव्या लागतात. मधल्या चाकांची फ्लँज काढायची, आसांना आडवी ढील द्यायची, इंजिन आणि टेंडर यांच्यातली फट वाढवायची, सिलिंडर जरा बाहेर सरकवायचे. चाकंही जाड होतात. प्रचलित मॉडेल चाकाची रुंदी २.८ मिमी असते, खऱ्या मापात पाव मीटरला जरासं कमी. खरं चाक सव्वाशे ते दीडशे मिमी रुंद. आणि केबिनचा पत्रा? खरा ६ मिमीचा पत्रा १:८७ मध्ये ०.०७ मिमी होतो, आपल्या जर्नलच्या कागदापेक्षा पातळ. प्लॅस्टिकमध्ये तो ०.७ मिमीचा ओतला की खऱ्या मापात झाली ६ सेंटिमीटर जाड भिंत. ड्रायव्हरची केबिन नव्हे, बँकेची तिजोरीच!

या सगळ्या तडजोडी मला मान्य आहेत. त्या पदार्थविज्ञानाने आणि खोलीच्या भिंतींनी लादलेल्या आहेत. पण याच यादीत आपण हळूच आणखी काही गोष्टी घुसवतो, त्या मला मान्य नाहीत.

उदाहरण घेऊ डब्ल्यूपी आणि डब्ल्यूजी या जोडीचं. डब्ल्यूपी म्हणजे बंदुकीच्या गोळीसारख्या नाकाचं, पॅसेंजर गाड्यांचं देखणं इंजिन. पहिली १९४७ मध्ये अमेरिकेच्या बाल्डविनकडून आली, एकूण ७५५ झाली. डब्ल्यूजी हा तिचा मालगाडी ओढणारा भाऊ. तो १९५० ते १९७० मध्ये बनला, एकूण २४५०. चित्तरंजनच्या कारखान्यातून १९५० मध्ये बाहेर पडलेलं पहिलं इंजिन 'देशबंधू' डब्ल्यूजीच होतं, आणि १९७० मधलं शेवटचं ब्रॉड गेज इंजिन 'अंतिम सितारा' हेही डब्ल्यूजीच. दोघांचे कित्येक भाग सारखे. मग फरक कुठे? चाकांत! डब्ल्यूपीची मोठी चाकं सहा आणि १७०२ मिमी व्यासाची, डब्ल्यूजीची आठ आणि १५६२ मिमीची. पहिलं वेगासाठी, दुसरं ओढीसाठी. सिलिंडरचा जोर तोच ठेवून चाक लहान केलं की रुळावरची ओढ वाढते, हे आपण सगळे पेपरात लिहितो. आता १:८७ ने भागा. डब्ल्यूपीचं चाक १९.६ मिमी, डब्ल्यूजीचं १८ मिमी. फरक दीड मिलिमीटरच्या आसपास.

एखादा म्हणेल, "दीड मिलिमीटर! कोणाला दिसतंय? एकच चाक दोन्हीकडे लावू." दिसत नसेलही. पण ज्या मापासाठी हे दुसरं इंजिन जन्माला आलं, नेमकं तेच माप आपण पुसलं. धुराडं अर्धा मिमी चुकलं तर चूक धुराड्यापुरती राहते, चाकाचा दीड मिमी चुकला तर मालगाडीचं इंजिन पॅसेंजरचं होतं. म्हणून रिव्हेट मोजणाऱ्यांना माझं सांगणं, सगळी मापं सारख्या तोलाची नसतात. आणि 'चालतंय ना' वाल्यांना सांगणं, काही मापांना हात लावायचा नसतो.

आपल्या महाराष्ट्रातलीच दोन उदाहरणं बघा. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली, गेज ७६२ मिमी. तिचा कर्ता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. हलके, स्वस्त रूळ टाकता यावेत म्हणून त्याने ठरवलं की कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. मग जोरदार इंजिन हवं तर भार अनेक आसांवर वाटायला हवा. म्हणून किटसनने बांधलेलं बार्शीचं इंजिन ०-८-४ मांडणीचं झालं, इवल्याशा गेजवर बारा चाकं. मॉडेल बनवताना "वळणावर अडकतंय" म्हणून त्यातली दोन चाकं उडवली तर बार्शीची आख्खी युक्तीच उडाली.

दुसरं माथेरानचं. १९०७ ची ६१० मिमीची गाडी, नेरळहून डोंगर चढणारी. तिच्या जर्मन ऑरेनस्टाइन अँड कोप्पेल इंजिनांत क्लीन-लिंडनर नावाची रचना होती. बाहेर चौकट आणि आत पोकळ आस, त्यामुळे टोकाची चाकं वळणावर आडवी सरकू आणि वळू शकत. म्हणजे आपल्याला टेबलावर जी अडचण येते तीच खऱ्या इंजिनियरला डोंगरात आली होती, आणि त्याने तिच्यावर उत्तर शोधलं होतं. माथेरानच्या मॉडेलमध्ये त्या आसाची नक्कल साधली नाही तरी चालेल. पण तिथे काय होतं हे बनवणाऱ्याला माहीत हवं आणि बघणाऱ्याला समजायला हवं.

आता अशा चुकीकडे येऊ जिला सबबच नाही. डब्ल्यूपीसारख्या इंजिनाच्या चाकांवर दांड्यांचं जाळं दिसतं ना, तो वॉलशार्ट व्हॉल्व्ह गिअर. टीओएमवाले ओळखतील. त्यात मोठ्या क्रँकपिनवर बसवलेला छोटा रिटर्न क्रँक असतो. पिस्टन व्हॉल्व्हच्या नेहमीच्या रचनेत क्रँकपिन सगळ्यात खाली असताना तो पुढच्या बाजूला झुकलेला असतो, दोन्ही अंगांना. मॉडेलमध्ये चाकं मोटर फिरवते, व्हॉल्व्ह गिअर नुसता शोभेला. त्यामुळे रिटर्न क्रँक कुठेही झुकवा, गाडी धावतेच. मग एका बाजूला तो पुढे आणि दुसऱ्या बाजूला मागे झुकलेला, अशी मॉडेल्स बनतात. खऱ्या इंजिनात असं केलं तर डावा सिलिंडर पुढे जाऊ बघेल आणि उजवा मागे! हे बरोबर बसवायला एक पैसा जास्त लागत नाही, जागा लागत नाही, वेगळी चाकं लागत नाहीत. लागतं फक्त "हे असं का?" एवढं विचारणं. तेवढंही न करणं म्हणजे थ्री-डी जीटी.

असंच वर्षाचं. 'फ्लाइंग स्कॉट्समन' हे जगातलं बहुधा सगळ्यात प्रसिद्ध इंजिन. पण कुठल्या सालचं? १९२३ मध्ये ते ए१ वर्गाचं म्हणून बांधलं गेलं, १९२४ मध्ये त्याला ४४७२ हा नंबर मिळाला. १९२८ मध्ये त्याला मधून चालत जाता येईल असा टेंडर जोडला, म्हणजे न थांबता लांब पल्ला मारताना ड्रायव्हर बदलता यावेत. १९४७ मध्ये नवा बॉयलर बसून ते ए३ झालं. १९४८ नंतर नंबर ६०१०३. १९५९ मध्ये दुहेरी धुराडं, १९६१ मध्ये धूर वर ढकलणारे बाजूचे पत्रे, १९६३ मध्ये निवृत्ती. १९३० च्या दशकातलं म्हणून ४४७२ करायचं आणि त्याला बाजूचे पत्रे लावायचे, म्हणजे आजोबांच्या लग्नाच्या फोटोत आजोबांच्या हातात मोबाइल! आपल्याकडेही तोच धोका आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या पहिल्या गाडीचं मॉडेल करायचं ठरवलं आणि 'फेअरी क्वीन'चा सुंदर फोटो मिळाला म्हणून तेच इंजिन पुढे जोडलं, तर काय होईल? फेअरी क्वीन १८५५ ची, बंगालकडच्या ईस्ट इंडियन रेल्वेची, २-२-२ मांडणीची. जीआयपीची सुरुवातीची इंजिनं व्हल्कन फाउंड्रीने १८५२ मध्ये बांधलेली, २-४-० मांडणीची. चाकं मोजली असती तरी कळलं असतं.

काही ठिकाणी तर अचूक नक्कल हीच चूक ठरते. खऱ्या वाफेवर चालणारं छोटं इंजिन घ्या. ब्रॉड गेजचं इंजिन ५ इंच गेजवर आणलं तर प्रमाण १:१३.२. लांबी १३ पट कमी, पृष्ठभाग १७४ पट कमी, पाण्याचं आकारमान २३०० पट कमी. म्हणजे पृष्ठभागाच्या मानाने पाणी फारच थोडं, बॉयलर झटपट थंड पडतो. मूळ बॉयलरच्या ५० मिमीच्या नळ्या प्रमाणात लहान केल्या तर जेमतेम ४ मिमीच्या होतात, त्या राखेने लगेच तुंबणार. म्हणून मॉडेलमध्ये नळ्या कमी पण जाड घालाव्या लागतात. इंग्लंडमध्ये १९२० च्या दशकात यावर मोठी वादावादी झाली. 'एलबीएससी' या नावाने लिहिणाऱ्या मॉडेलकाराने अडीच इंच गेजचं, कोळशावर चालणारं 'आयेशा' बांधून माणसाला ओढून दाखवलं, तेव्हा लोकांना पटलं की इंजिनाचं रूप लहान करता येतं, निसर्गाचे नियम नाही. आणि बॉयलरच्या बाबतीत तर हा थट्टेचा विषय नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह प्रमाणात दिसतो की नाही याला शून्य किंमत, तो सगळी वाफ वेळेत सोडतो की नाही याला सगळी किंमत. कामाच्या दाबाच्या दुप्पट पाण्याच्या दाबाने परीक्षा झाल्याशिवाय असा बॉयलर पेटवायचा नसतो. हॉस्टेलच्या खोलीत तर मुळीच नाही!

थोडक्यात काय, तर फरक तीन प्रकारचे. पहिला नाइलाजाचा, जसा पत्र्याचा किंवा नळ्यांचा. दुसरा सोयीचा, जसा १६.५ च्या रुळांचा. तिसरा अज्ञानाचा, जसा उलट्या रिटर्न क्रँकचा. पहिल्या दोघांना माफी आहे, एका अटीवर. ते लिहून ठेवायचे. इंडस्ट्रीत ड्रॉइंगपासून काही बदललं तर नोंद करावी लागते, "दिसतंय ना तसंच" हे तिथे चालत नाही. मग मॉडेलला का चालावं?

म्हणून माझी एक साधी सूचना आहे, विद्यार्थ्यांना आणि सरांनाही. यापुढे प्रदर्शनातल्या प्रत्येक मॉडेलशेजारी पोस्टकार्डाएवढी एक चिठ्ठी असावी. नमुन्यादाखल :

प्रमाण : १:८७.
मूळ : डब्ल्यूपी ७२००, आज आहे तशी.
मुद्दाम ठेवलेले फरक : गेज १६.५ मिमी (हवं १९.३), चाकाची रुंदी २.८ मिमी (हवी दीडच्या आसपास), इंजिन-टेंडर फट वळणासाठी वाढवली.
अंदाजाने केलेलं : टेंडरची मागची बाजू, फोटो मिळाला नाही.

बस, एवढंच. परीक्षकांनी निम्मे मार्क या चिठ्ठीला द्यावेत आणि वायव्हा तिच्यावरच घ्यावी. चार फरक प्रामाणिकपणे लिहिणारं साधं पुठ्ठ्याचं मॉडेल, काहीच न लिहिणाऱ्या चकचकीत मॉडेलच्या वर यावं. काहीजण म्हणतील, आपल्याच मॉडेलच्या उणिवा आपणच कशाला चव्हाट्यावर मांडायच्या? अहो, त्या मांडता येणं हीच तर मॉडेल समजल्याची खूण आहे.

आणि हे नुसतं मार्कांपुरतं नाही. ब्रॉड गेजवरची नियमित वाफेची गाडी १९९५ मध्ये थांबली. आज हॉस्टेलमध्ये असलेल्या कोणीही ती रोजच्या कामावर बघितलेली नाही. भट्टीत कोळसा टाकणारे फायरमन, शेडमधले फिटर आता म्हातारे झाले आहेत, कित्येक गेले. बहुतेक इंजिनं भंगारात गेली. यापुढे लहान मुलाला डब्ल्यूपी कळणार ती मॉडेलवरून. आपण चुकीचं आणि बिनचिठ्ठीचं मॉडेल डिपार्टमेंटच्या काचेच्या कपाटात ठेवून पास होऊन गेलो, तर वीस वर्षांनी कोणीतरी त्यालाच पट्टी लावून माप घेईल आणि तेच खरं मानेल.

मूळ वस्तू बघायची सोयही आहे. नागपूरला मोतीबागेत नॅरो गेजचं संग्रहालय आहे, तिथे खरी इंजिनं उभी आहेत. पुण्यात जोशी यांचं लघु रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे, तिथे चालती मॉडेल्स बघायला मिळतात. कुणाच्या गावाजवळ स्टेशनबाहेर चौथऱ्यावर एखादं जुनं इंजिन असेल. या सुट्टीत घरी जाताना बॅगेत एक टेप ठेवा, आणि घरात किंवा शेजारी रेल्वेतून रिटायर झालेले आजोबा असतील तर त्यांच्याजवळ तासभर बसा. परवानगी घेऊन चाकाचा व्यास मोजा, चाकं मोजा, रिटर्न क्रँक कुठे झुकलाय त्याचा फोटो काढा. आकडे वहीत उतरवून ठेवा, खाली तारीख घाला. पुढच्या प्रदर्शनात मॉडेल तुमचं असो वा ज्युनियरचं, ती वही त्याच्याशेजारी असू द्या.